हिमबिबट्याला लडाखी, मंगोलियन, रशियनमध्ये काय म्हणतात?

मेघना_कर्वेनगर: मंडळी, मदत हवीये. सोसायटीतल्या पोरांबरोबर हिमबिबट्याचं मोठं पोस्टर करतोय, २३ ऑक्टोबरला लावायचंय, त्या दिवशी आंतरराष्ट्रीय हिमबिबट्या दिन असतो. मधे चित्र आणि भोवती तो जिथे राहतो तिथल्या भाषांमधली नावं. हिंदीत हिम तेंदुआ, नेपाळीत हिउँ चितुवा एवढं मिळालं, पुढे अडलंय. आणि मराठीत हिमबिबट्या लिहू का हिमबिबळ्या?

सह्यभटक्या: लडाखीत शान. तिकडे होमस्टेच्या आजींपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच. माझं ऐकाल तर हे नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात घ्या, कारण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत भारतात ७१८ निघाले आणि त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. शान रात्री गोठ्यात शिरला की एका वेळी कितीतरी शेळ्या-मेंढ्या मारतो, म्हणून आता बऱ्याच गावांत गोठ्यांवर जाळी टाकून घेतात. इतकं नुकसान सोसून ती माणसं त्याच्या शेजारी राहतायत, हे पोरांना जरूर सांगा.

रानडेवाली: रशियनमध्ये दोन नावं, इर्बिस आणि स्नेझ्नी बार्स. मंगोलियन इर्वेस, किर्गिझ इल्बिर्स, ऐकूनच कळतं एका घरातले शब्द आहेत, इर्बिसही त्यातलाच. कझाकमध्ये बारीस. सोव्हिएत काळात तिथली सात हजार मीटरवरची शिखरं सर करणाऱ्या गिर्यारोहकांना ‘स्नेझ्नी बार्स’ किताब मिळायचा, आपल्याकडे एवढे ट्रेकर आहेत तर हेही टाका की कोपऱ्यात!

नारायणगावकर: मराठीत दोन्ही चालतं, मी हिमबिबट्या लिहीन. आमच्या जुन्नर भागात ऊसात बिबट्या दिसला तरी म्हातारी माणसं “वाघ आला” असंच म्हणतात, आणि हिमबिबट्याचं तर जनुकीय नातं खरोखर वाघाशीच जास्त जवळचं आहे, नाव बिबट्याचं असलं तरी. डरकाळी मात्र त्याला फोडता येत नाही. चित्रात शेपूट आखूड काढू नका, जवळपास अंगाएवढी लांब आणि जाडजूड असते, थंडीत झोपताना तीच तोंडावर ओढून घेतो. डोळे पिवळे नकोत, फिकट राखाडी-हिरवे रंगवा.

मेघना_कर्वेनगर: खूप खूप आभार सगळ्यांचे, शान सगळ्यात वर घेतेय. सह्यभटक्या, लडाखी लिपीत तो शब्द कोणाकडून लिहून मिळेल का? पोरांना बघून गिरवायचाय.