पुलाच्या गर्डरमधले गेज उन्हात लाल दाखवायलेत, भ्यायचं का?

दुधनाकाठ: राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यात एका ओढ्यावर २० मीटरच्या एकाच गाळ्याचा आरसीसी पूल आहे, तिथं मी ज्युनिअर आहे. गर्डरच्या खालच्या सळयांना, काँक्रीट ओतायच्या आधी, चार व्हायब्रेटिंग वायर स्ट्रेन गेज (आतल्या ताणलेल्या तारेवरून काँक्रीट किती लांबलं-आखडलं ते सांगणारी यंत्रं) बांधले होते. एक तर ओततानाच गेला, काँक्रीट दाबून बसवायचा नीडल व्हायब्रेटर लागला असावा. बाकीचे तीन चालू आहेत.

पहिलं रीडिंग जानेवारीत सकाळी घेतलं, आतलं तापमान १७ अंश. काल दुपारी ३ वाजता ३७ अंश. गेजचं कच्चं रीडिंग ८० मायक्रोस्ट्रेननं (म्हणजे लांबीच्या दशलक्षात ८० भाग) कमी झालं. गेजच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणं अंशाला १२ मिळवले तर अधिक १६० येतंय. एम ३० काँक्रीट (ताकद ३० मेगापास्कल), त्याचा ताठपणा, म्हणजे इ, ५००० गुणिले वर्गमूळ ३० धरून ताण निघतो ४.४ मेगापास्कल, आणि तडा जायची हद्द ३.८! खाली पडून टॉर्च मारून बघितलं, नवी भेग एकही नाही. पण रीडिंग नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख लाल झालाय आणि तो सरपंचानं बघितला. आता जडवाहतूक बंद करा म्हणायलेत. मला तर काहीच कळंना.

पाळूवरचा_माणूस: बाळा, आधी पाणी पी. मी निवृत्त आहे, सगळी नोकरी मातीच्या धरणावर पिझोमीटर (आतल्या पाण्याचा दाब मोजायचं यंत्र) वाचण्यात गेली. तार तीच, फक्त तिथं ती पाण्याच्या दाबानं ढिली होते.

गेजमधली तार पोलादाची. एका अंशाला ती दशलक्षात १२ वाढते, काँक्रीट साधारण १० (आपल्या काळ्या बेसाल्टच्या खडीनं थोडं कमीच). तू १२ मिळवलेस तेव्हा काँक्रीट एकूण किती लांबलं ते निघालं. पण ते उन्हानं लांबलंय, ओझ्यानं नाही! बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो ती सरकती बैठक) मोकळं असेल तर उन्हानं लांबलेल्या गर्डरला ताण कसला? २० अंशाला १० प्रमाणे २०० यायला हवे होते, तुझे आले १६०. उरलेले ४० म्हणजे काँक्रीट वाळून आकसलं, वर थोडा क्रीप (कायमच्या ओझ्याखाली हळूहळू होणारा बदल). ताण काढताना १२ नाही, १२ वजा १० धर. इ ने गुणायची घाई तरुण पोरांना फार.

खरा प्रश्न वेगळाच आहे, बेअरिंग मोकळं आहे का? व्हर्निअर घे, मोकळ्या टोकाची फट सकाळी आणि दुपारी मोज. रीडिंगसोबत वेळ आणि तापमान लिहीत जा. आमच्याकडं एकानं वर्षभर वेळच लिहिली नव्हती, सगळी वही रद्दीत.

औसा_नाका: सर म्हणतायत ते बरोबर. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या वाड्याच्या भेगेवर आजोबांनी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवली होती. काच तडकली तर भेग वाढली, एवढंच यंत्र. अजून शाबूत आहे.

दुधनाकाठ: मोजलं. सकाळी ६ वाजता २२.४ मिमी, दुपारी ३ वाजता २०.६. गर्डर २७ वरून ३७ अंशावर गेला, म्हणजे हिशोबानं २ मिमी, मिळाले १.८. सरपंच स्वतः व्हर्निअर धरून बसले होते. पूल वाढतो हे त्यांना पटलं, मात्र "मग रात्री कुठं जातो?" असं विचारलं. गाड्या चालू ठेवल्यात. चौथ्या गेजचं काय करू?

पाळूवरचा_माणूस: मल्टीमीटर लाव. कॉईलचा रोध शे-दोनशे ओहम आला तर जिवंत आहे, केबलचा जोड तपास. शून्याजवळ आला तर शॉर्ट, ओपन दाखवलं तर तुटलाय.

दुधनाकाठ: ओपन.

पाळूवरचा_माणूस: मग राहू दे काँक्रीटच्या पोटात. नोंदवहीत तारीख टाकून बाद लिही. पुढच्या पुलाला गेज सळईच्या आडोशाला बांध, आणि व्हायब्रेटर धरणाऱ्या पोराला आधी जागा दाखव.