मदत हवी आहे: पोलो जीटी टीएसआय घ्यावी की टीडीआय?

मंडळी, फोक्सवॅगनची सेकंडहँड पोलो जीटी घ्यायचं नक्की झालंय. २०२२ मध्ये पोलो इथे बंद झाली, त्यामुळे नवी मिळायचा प्रश्नच नाही. पुण्यात दोन गाड्या पाहून ठेवल्यात, दोन्ही २०१६ च्या.

एक १.२ टीएसआय: पेट्रोल, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). दुसरी १.५ टीडीआय: डिझेल, २५० न्यूटन मीटर, पाच गिअरचा मॅन्युअल.

टीएसआय चालवून पाहिली आणि खरं सांगतो, प्रेमातच पडलो. गिअर कधी बदलला तेही कळत नाही. पण रोजचं ऑफिस हिंजवडीत. तिथल्या मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये डीएसजीचा ड्राय (तेलात न बुडलेला) क्लच तापतो, झिजतो असं ऐकून आहे, आणि मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट) गेलं की खर्च मोठा.

टीडीआयचा क्लच जड वाटला, थंड इंजिनची खडखड आतपर्यंत येते. पण दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बो जागा झाला की पाठ सीटला चिकटते! चिपळूणला सासर, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचाच. चढावर ओव्हरटेक करायला हीच सरस वाटते. बायकोला मात्र ऑटोमॅटिकच हवी. (तिचं मत शेवटचं, हे वेगळं सांगायला नको.)

जुनी डीएसजी ट्रॅफिकमध्ये रोज चालवणारे कोणी आहात का? क्लच पॅक किती किलोमीटर टिकला? टीडीआय घेतली तर टायमिंग बेल्टशिवाय आणखी काय तपासून घेऊ? आणि पुण्यात टीएसआय नीट जाणणारा खात्रीचा मेकॅनिक माहीत असेल तर जरूर सांगा.