मदत हवी आहे : विहिरीत पावडर टाकू देत नाहीत, गावाला कसं पटवू?

नमस्कार मंडळी. मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यात मीही आहे. पहिल्या पावसानंतर आमच्या विहिरीचं पाणी जंतू तपासायच्या एच२एसच्या बाटलीत भरून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट. म्हणजे पाण्यात मैल्यातले जंतू आहेत. बाटली घेऊन घरोघर फिरले. उत्तर एकच, "बाटलीतच औषध असतं, ते काळं होणारच."

आमच्याकडे पाऊस धो धो, पण कातळात पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात ओहोळातल्या झिऱ्यावर बसून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. त्यामुळे विहीर भरली की बायकांना केवढं हायसं वाटतं! आणि नेमकं तेव्हाच मी सांगायचं, की हे पाणी आता सगळ्यात वाईट. विहिरीला कठडा नाही, वरच्या अंगाला गुरं बसतात, लोक परसाकडेही तिकडेच जातात. पहिल्या सरींबरोबर ते सगळं आत येतं.

गढूळ पाणी कोणी तसंच पीत नाही. लुगड्याच्या दुहेरी फडक्याने गाळतात, तुरटी फिरवतात. निवळ दिसलं की झालं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे पटत नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर "आखाडात पोटं बिघडतातच", नाहीतर "नवं पाणी बाधलं".

खरी भीती आहे ती टीसीएल पावडरीची, म्हणजे जंतू मारायला विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीची. सासूबाई म्हणतात वास येतो, डाळ शिजत नाही. मला त्यांचा राग येत नाही. पावडर टाकणारा अख्खं पाकीट विहिरीत उपडं करतो. दोन दिवस पाणी तोंडात धरवत नाही, मग कितीतरी दिवस काहीच नाही. असं औषध कोणालाही नकोसं होईल.

सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे कोणी हे जमवलंय का? पावडर नेमकी किती आणि कशी टाकायची? आणि न दिसणारी घाण दाखवायची कशी?

प्रतिसाद १ (निवृत्त आरोग्यसेवक)

ताई, आधी माप बसवा, म्हणजे निम्मी तक्रार जाईल. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आलेला आकडा म्हणजे इतके हजार लिटर पाणी. व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर साधारण १४ हजार लिटर. चांगल्या ताकदीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ३५ ग्रॅम. पावडर कोरडी टाकू नका. बादलीत आधी लगदा करा, मग पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडून चांगलं ढवळा. पावसाळ्यात हे रोज रात्री, पाणी भरणं थांबल्यावर करा. निदान तासभर कोणी पाणी काढू नये. सकाळी ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते कळेल; पिवळसर रंग आला पाहिजे. पाकीट उघडं राहिलं किंवा ओल लागली की पावडरीची ताकद जाते, तेही बघा.

डाळ शिजत नाही ती जड पाण्याने. ही पावडर पडायच्या आधीही शिजत नसणार, सासूबाईंनाच विचारा.

आणि बाटली एकटी दाखवू नका. दोन बाटल्या घ्या, एकीत आदल्या दिवशीचं पाणी, दुसरीत पावडर पडल्यानंतरचं. शंका घेणाऱ्यांच्याच हाताने भरून घ्या आणि अंगणवाडीत सगळ्यांसमोर ठेवा. औषध दोन्हींत तेच आहे, मग एकच काळी का झाली, हे त्यांचं त्यांनाच विचारू द्या.

प्रतिसाद २ (निफाड)

आमच्याकडे उलटा प्रकार. बोअरचं पाणी काचेसारखं, चवीला गोड, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. द्राक्षबागांना वर्षानुवर्षं खतं दिली, त्यातलं नायट्रेट जमिनीत उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आतच हवं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात वरचं दूध कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. शेजारी म्हणतात आम्ही उकळून देतो. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र पाणी आटल्यामुळे उलट दाट होतं. ताई, तुमच्याकडच्या किटमध्ये नायट्रेटची तपासणी असेल तर तीही करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन बाटल्यांचं नक्की करते, आणि पहिली सासूबाईंच्या हातूनच भरून घेते. काका, एक अडचण. आमची विहीर गोल नाही, एका बाजूला कातळ आत आलाय. व्यास कुठला धरू?

प्रतिसाद १

पाण्याच्या पातळीला चार-पाच ठिकाणी दोर धरून मोजा आणि सरासरी काढा. पाणी चढलं-उतरलं की हिशोब पुन्हा करा. खोलीसाठी दोराला दगड बांधून सोडा.