लेखी रोलप्लेमधले द्वंद्व: वार लागला की नाही, हे कोणी ठरवायचे?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. डिस्कॉर्डवरच्या एका काल्पनिक राज्याच्या रोलप्लेमध्ये मी काही काळापासून मराठीतून खेळते आहे. आमच्या गटात फासे टाकण्याची पद्धत नाही. प्रत्येक जण आपल्या पात्राचे बोलणे-वागणे एक-दोन परिच्छेदांत लिहितो, समोरचा त्याला उत्तर देतो आणि कथा पुढे सरकते. दरबार, बाजार, प्रवास असे प्रसंग फार छान रंगतात. लढाई सुरू झाली की मात्र गाडी अडते.

माझे पात्र सीमेवर पहारा देणारी भालाईत आहे, तर दुसऱ्या सदस्याचे पात्र भाडोत्री तलवारबाज आहे. नदीच्या उतारावर दोघांची गाठ पडली आणि तिने भाला रोखून वाट अडवल्याचे मी लिहिले. त्यावर आलेली पोस्ट अशी होती: "त्याने तिचा भाला हिसकावून घेतला, गुडघ्यावर लाथ घातली आणि ती चिखलात कोसळताच तलवारीचे टोक तिच्या गळ्याला लावले. तिचे हात भीतीने थरथरत होते. त्याने वाकून तिच्या बुटातली कट्यारही काढून घेतली." एवढ्या चार ओळींत माझ्या पात्राचा भाला गेला, गुडघा गेला, तिला भीतीही वाटून गेली, आणि मला लिहिण्यासारखे काही शिल्लकच राहिले नाही. बुटातल्या कट्यारीचा उल्लेख तर कथेत आजवर एकदाही आलेला नव्हता. तो फक्त माझ्या पात्रपरिचयात आहे.

मी हरकत घेतली, तेव्हा "हरायची तयारी नसेल तर लढाईत उतरू नये" असे उत्तर मिळाले, आणि मॉडरेटरांनी आपसांत मिटवून घ्या म्हणून सांगितले. हरायला माझी ना नाही. उलट, चांगली लिहिलेली हार मला आवडते. पण ती माझ्या हातून लिहिली जावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. वार लागला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा असतो? तो माझा असेल, तर मी प्रत्येक वार चुकवल्याचे लिहीत गेले तरी चालेल का? आणि मग लढाई संपणार कशी?

शाईदौत

आपली हरकत पूर्णपणे रास्त आहे. आपल्या पात्राने काय करण्याचा प्रयत्न केला, एवढेच आपण लिहायचे; त्या प्रयत्नाचा समोरच्या पात्रावर काय परिणाम झाला, हे ते पात्र चालवणाऱ्याने लिहायचे, हा लेखी रोलप्लेचा बहुतेक सगळीकडे मान्य असलेला पाया आहे. जुने खेळाडू परस्पर वार लावून मोकळे होण्याला ऑटोहिट म्हणतात, दुसऱ्याचे पात्र आपणच हलवण्याला पॉवरप्ले म्हणतात आणि आपले पात्र कधीच जायबंदी न होऊ देण्याला गॉडमॉडिंग म्हणतात. गटागटांत या शब्दांच्या सीमा थोड्या सरकतात. आपल्याला आलेल्या पोस्टमध्ये पहिले दोन्ही दोष आहेत, आणि त्यातही मला सर्वांत जास्त खटकली ती थरथरत्या हातांची ओळ. हिसकावलेला भाला पुढच्या प्रसंगात परत मिळवता येतो, पण आपले पात्र भित्रे आहे की नाही, हे दुसऱ्याने ठरवून टाकले तर ते पात्र आपले राहत नाही.

तीच चाल नीट कशी लिहिता आली असती, ते पाहू. "भाल्याचे पाते आपल्यापर्यंत पोचायच्या आत तो डावीकडून आत घुसला. डाव्या हाताने भाल्याचा दांडा पकडून बाजूला ढकलण्याचा आणि त्याच झोकात उजव्या पायाची लाथ तिच्या पुढच्या गुडघ्यावर घालण्याचा त्याचा बेत होता. तलवार अजून खालीच होती, आणि लाथ हुकली असती तर त्याची उजवी बाजू उघडी पडणार होती." या लिखाणात आक्रमकपणा तसूभरही कमी झालेला नाही. तरीही भालाईत स्त्रीला मागे सरकता येते, दांडा सोडून कट्यारीकडे हात नेता येतो, किंवा लाथ खाऊन पडताही येते. शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. आपल्या चालीतली कच्ची बाजू स्वतःहून दाखवणारा खेळाडू समोरच्याला उत्तर देण्याची जागा देतो, आणि लढाई वाचनीय होते ती त्यामुळेच.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गोम तिथेच आहे. परिणाम ठरवण्याचा अधिकार आपला असला तरी त्याच्याबरोबर एक जबाबदारीही येते: नीट आखलेला, शक्य कोटीतला वार आला तर तो कधीतरी लागू द्यावा लागतो. प्रत्येक वार चुकवणारा खेळाडू नियमाच्या शब्दात बसतो, पण तो समोरच्याचे लिखाण वाया घालवत असतो. मी स्वतः तीन गोष्टी तपासतो. माझे पात्र या क्षणी कुठे आणि कशा अवस्थेत आहे? त्याने हा वार येताना पाहिला का? आणि समोरच्याने तो पुरेसा स्पष्ट लिहिला आहे का? चिखलात पाय रुतलेल्या, आधीच दमलेल्या पात्राने उडी मारून बाजूला होणे मला पटत नाही. त्याने निदान खांद्यावर ओरखडा तरी घ्यावा, आणि एकदा घेतलेली जखम पुढच्या पोस्टमध्ये विसरू नये. दुखऱ्या खांद्याने भाला पहिल्यासारखा उचलला जात नाही, हे ज्याने लिहिले, त्याच्याशी लढायला लोक पुन्हा येतात.

तिसरा प्रहर

शाईदौत यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ही सगळी व्यवस्था दोन्ही बाजूंच्या सौजन्यावर उभी आहे, आणि नदीकाठ यांच्या गटात नेमके तेच कमी पडलेले दिसते. अशा वेळी फाशांचा विचार जरूर करावा. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी घडवलेल्या मड या लेखी खेळात वार लागला की नाही, ते संगणकच ठरवत असे, त्यामुळे हा वाद उद्भवतच नव्हता. पुढे नुसत्या संवादावर आणि वर्णनावर चालणारे गट वाढले, तसा निवाडा माणसांच्या हाती आला आणि शिष्टाचाराची गरज निर्माण झाली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात रोलप्ले करणारे आजही खेळाची स्वतःची लढाई बाजूला ठेवतात आणि 1 ते 100 मधला आकडा काढून चकमकीचा निकाल लावतात. डिस्कॉर्डवर फासे टाकणारे बॉट सहज मिळतात, आणि निकाल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागतो.

फासे कोणते निवडायचे, याला मात्र फार महत्त्व आहे, आणि बरेच गट तिथे घाई करतात. समजा, कसलेल्या योद्ध्याला 4 गुण जास्तीचे दिले, नवशिक्याला काहीच दिले नाहीत, आणि दोघांनी 20 बाजूंचा एकेक फासा टाकला. नवशिक्याची बेरीज मोठी येण्याची शक्यता बरोबर 30 टक्के निघते, बरोबरीची 4 टक्के. म्हणजे जन्मभर तलवार चालवलेला माणूस दर 10 चकमकींत सरासरी 3 वेळा काल आलेल्या पोराकडून मार खातो. तेच 4 गुण कायम ठेवून दोघांनी नेहमीचे 6 बाजूंचे दोन-दोन फासे टाकले, तर नवशिक्याची शक्यता 10 टक्क्यांच्याही किंचित खाली येते, कारण दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांभोवती जमते. कौशल्याला मान द्यायचा असेल तर दोन फासे घ्यावेत. अनिश्चिततेची हौस असेल तर 20 बाजूंचा एक पुरे. हा निर्णय मोहीम सुरू होण्याआधी घ्यावा, कारण लढाई तोंडावर आल्यावर ज्याला जे सोयीचे, तेच त्याला न्याय्य वाटते.

कोरा कागद

फाशांना माझा विरोध नाही, पण ते अर्धाच प्रश्न सोडवतात. फासा पडला म्हणून कट्यारीची गोष्ट सुटत नाही. जे खेळाडूला ठाऊक आहे पण त्याच्या पात्राला कळण्याचा मार्गच नाही, ते पात्राच्या वागण्यात उतरवणे म्हणजे मेटागेमिंग, आणि लढाईत त्याने होणारे नुकसान सर्वांत मोठे असते, कारण लपवलेले शस्त्र, जुनी दुखापत, पडद्याआड उभा असलेला साथीदार यांवरच तर चकमक फिरते. तलवारबाजाला कट्यार सापडायला हवी असेल तर त्याने आधी झडती घ्यायला सुरुवात करावी, म्हणजे बूट तपासू द्यायचे की पाय झाडायचे, हे ती ठरवू शकेल. पात्रपरिचयातला गुप्त भाग फक्त मॉडरेटरांना दिसेल अशा वाहिनीवर ठेवला तर मोहच होत नाही. मात्र वेळ आल्यावर ऐनवेळी नवे शस्त्र निर्माण केले नाही, याची खात्री देण्यासाठी त्याची नोंद कुठेतरी आधीपासून असलीच पाहिजे.

फाशांशिवाय काटेकोर लढाई खेळणाऱ्यांची टी-वन नावाची एक जुनी पद्धत आहे, आणि तिच्यातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. मोठी चाल, विशेषतः जादूची, एकदम करता येत नाही. तिची तयारी आधीच्या पोस्टमध्ये उघडपणे लिहावी लागते. आग ओकायची असेल तर एका पोस्टमध्ये मंत्र सुरू होतो, पुढच्या पोस्टमध्ये तळहात तापतात, आणि तेवढ्या अवधीत समोरच्याला ती तयारी मोडून काढण्याची संधी मिळते. ज्याने तयारी लिहिलीच नाही, त्याची चाल पंच रद्द ठरवू शकतो. जादू, राक्षसी बळ किंवा बंदुका असलेल्या प्रत्येक गटाने निदान एवढा नियम तरी उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक लहान पण हमखास भांडण लावणारी बाब राहिली. उत्तर वाचून झाल्यावर आपली आधीची पोस्ट बदलू नये. डिस्कॉर्डवर बदललेल्या मजकुराशेजारी तशी खूण उमटते, पण आधी काय लिहिले होते, ते इतर सदस्यांना दिसत नाही.

नदीकाठ

सर्वांचे आभार. दोन फाशांचा हिशेब आणि चालीची तयारी आधी लिहिण्याचा नियम, हे दोन्ही मी आमच्या गटापुढे मांडणार आहे. आत्ता मात्र माझे पात्र गळ्याला तलवार लागलेल्या अवस्थेत चिखलात पडलेले आहे, आणि तो सदस्य माझ्या उत्तराची वाट पाहतो आहे. ही पोस्ट मी मान्य करावी, की दुर्लक्षून पुढे लिहावे? शिवाय तो पुढे तिला ठार मारेल, अशी मला धास्ती आहे.

उंबरठा

मी दुसऱ्या एका गटात मॉडरेटरचे काम करते, म्हणून व्यवहाराचे तेवढे सांगते. दुर्लक्षून पुढे लिहू नका. त्याने एकाच लढाईच्या दोन कथा तयार होतात आणि वाचणाऱ्यांनाही काही उमजत नाही. कथेच्या वाहिनीवर वादही घालू नका. ओओसी वाहिनीवर (म्हणजे कथेबाहेरच्या बोलण्यासाठी असलेल्या वाहिनीवर) किंवा खासगी संदेशात, पात्राच्या तोंडून न बोलता, त्यांना सरळ लिहा: "भाला धरण्यापर्यंतचा भाग मला मान्य आहे. लाथ लागली की नाही, ते मी लिहीन. तिची भीती आणि कट्यार हे दोन उल्लेख कृपया काढावेत, म्हणजे मी आज उत्तर देते." आपण काय मान्य करतो, ते आधी सांगितले की समोरच्याला माघार घेतल्यासारखे वाटत नाही, आणि बहुतेक जण तेवढ्यावर पोस्ट दुरुस्त करतात. इथे बदल दोघांच्या संमतीने होत असल्यामुळे कोरा कागद यांचा आक्षेप लागू होत नाही.

मृत्यूच्या बाबतीत निःशंक राहा. संमतीवर चालणाऱ्या गटांत पात्राचा मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि छळ या तीन गोष्टी ते पात्र चालवणाऱ्याच्या स्पष्ट होकाराशिवाय घडत नाहीत, मग द्वंद्व कोणीही जिंको. आपल्या गटाच्या नियमांत तसे लिहिलेले नसेल तर मॉडरेटरांकडून आजच लेखी खुलासा मागा, कारण "आपसांत मिटवा" हे उत्तर एका लाथेपुरते चालेल, पण पात्राच्या जिवाबद्दल चालणार नाही. ती पहारेकरी हरणार असेल तर काय पणाला लागते, हेही याच संदेशात ठरवून घ्या: वाट मोकळी करणे, भाला गमावणे, कैदेत जाणे, यांपैकी काहीही चालेल. ते एकदा ठरले की कोण जिंकते याचा ताण दोघांवरूनही उतरतो आणि लाथ खायची की चुकवायची, याचा विचार आपल्याला निवांतपणे करता येतो.

ते दुरुस्तीला तयार झाले नाहीत, तर या प्रसंगापुरते थांबा आणि मॉडरेटरांना मूळ पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात वर शाईदौत यांनी दाखवल्याप्रमाणे ती चाल कशी लिहिता आली असती, तेही जोडा, म्हणजे आपली तक्रार हरण्याबद्दल नाही, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.