दहावी १९९४ : वर्गातल्या मुली फेसबुकवर सापडत नाहीत

मागचा_बाक :
हजेरीपटावर ५२ नावं. व्हॉट्सॲपवर ३१ जमले, त्यात मुली फक्त ४. माहेरच्या नावाने फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. काय करावं?

खडूफळा :
तिला नको, तिच्या भावाला शोधा. त्याचं आडनाव तेच राहतं. त्याच्या प्रोफाइलवर राखीपौर्णिमा आणि भाऊबीजेचे फोटो बघा. टॅग केलेली बहीण नव्या आडनावासकट तिथेच असते. मित्रयादी लपवलेली असली तरी फोटोखालच्या कमेंटी बऱ्याचदा दिसतात. लग्नात पहिलं नावही बदललं असेल, तर एवढाच रस्ता उरतो.
रोमन स्पेलिंगही बदलून पाहा : ‘वाघ’ डब्ल्यूने आणि व्हीनेही, ‘लक्ष्मी’ केएसएचने आणि एक्सनेही. मग देवनागरीत.

चाळिशीपार :
सापडल्यावरच खरी माती होते. नुसती रिक्वेस्ट पाठवली की ती तशीच पडून राहते. अनोळखी माणसाचा मेसेज ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये जातो आणि तिथे पहिली ओळच काय ती दिसते. त्या ओळीत शाळा, वर्ष, तुकडी आणि वर्गशिक्षकांचं आडनाव यायला हवं. ‘ओळखलंस का?’ असं तर फसवणारेही लिहितात. उत्तर नाही आलं तर पुन्हा टोचू नका, आणि नवऱ्याच्या फोटोखाली कमेंट तर नकोच नको.

खडूफळा :
ग्रुपमध्ये परस्पर ॲडही करू नका. आत आल्या आल्या तिचा नंबर ३१ जणांना दिसतो. आधी विचारा, मग लिंक द्या. तिने सेटिंगमध्ये ॲड करणं बंद ठेवलं असेल तर व्हॉट्सॲप खाजगी आमंत्रण पाठवायला सांगतं; ते ३ दिवसांत बाद होतं. लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका. ॲडमिनची मंजुरी चालू ठेवा, लिंक फुटलीच तर रीसेट करा. नव्या माणसाला खात्रीसाठी शेजारी कोण बसायचं ते विचारा. वर्गाच्या फोटोवरून कळेल असं काही विचारून उपयोग नाही, तो फोटो एव्हाना सगळीकडे फिरलेला असतो.

मागचा_बाक :
आणि जिला भाऊच नाही ती?

चाळिशीपार :
तुमच्याकडे ४ जणी आहेत ना? हजेरीपटातली उरलेली नावं त्यांना वाटून द्या. मुलींचे नंबर मुलींकडेच असतात, आणि पहिला फोन मैत्रिणीचा आला तर नाही म्हणणंही सोपं जातं. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती.