ओठावर जर फुटलेला माणूस घरात आणि बाळ दहा दिवसांचं: नवजात बाळाच्या हर्पिसबद्दल नेमकी माहिती हवी

गटप्रवर्तक_ताई
आशांच्या गृहभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी होतात. नवजात बाळाला हर्पिस सिम्प्लेक्सची (ओठावर जर आणणारा विषाणू) लागण दिसते ती याच सहा आठवड्यांत. आशांना नीट सांगता यावं म्हणून तीन गोष्टी विचारते.

एक, घरात कुणाच्या ओठावर जर फुटला असेल (पाण्याने भरलेले बारीक फोड), तर बाळापासून किती दिवस लांब राहायचं? बाराव्या दिवशी बारसं असतं, आत्या बाळाच्या कानात कुर्र करते, सगळे पापे घेतात. दोन, बाळाच्या अंगावरचे फोड घामोळं आहेत की हर्पिस, हे घरी कसं ओळखायचं? बऱ्याच घरांत नागीण समजून गेरू लावतात. तीन, जवळच्या दवाखान्यात ॲसायक्लोव्हिरचं (हर्पिसविरुद्धचं औषध) मलम देऊन घरी पाठवलं तर तेवढं पुरेल का?

नवजात_कक्ष
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण चूक तिथेच महागात पडते. मलम पुरत नाही, तोंडावाटे औषधही पुरत नाही. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला हर्पिसची शंका आली की औषध शिरेतूनच द्यायचं आणि तेही रिपोर्टची वाट न बघता. त्वचेवर दोनच फोड दिसत असले तरी विषाणू मेंदूत किंवा यकृतात गेलेला असू शकतो. मलमाने फोड सुकतो, घरचे निश्चिंत होतात आणि आतला आजार वाढत राहतो.

हा आजार तीन प्रकारे दिसतो. साधारण 45 टक्के बाळांत त्वचा, डोळे आणि तोंडापुरता, 30 टक्क्यांत मेंदूत, 25 टक्क्यांत सगळ्या अंगभर, म्हणजे यकृत, फुप्फुसं, रक्त गोठण्याची क्रिया वगैरे. त्वचेचा आणि अंगभर पसरणारा प्रकार बहुधा 10 ते 12 व्या दिवसाच्या आसपास कळतो, मेंदूचा 16 ते 19 व्या दिवसाच्या सुमारास. त्यामुळे आशाताईंची 14 आणि 21 व्या दिवसाची भेट फार मोलाची आहे. अंगभर पसरलेल्या प्रकारात उपचार न मिळाल्यास 100 पैकी सुमारे 85 बाळं दगावतात. पुरेशा डोसने ते प्रमाण 30 च्या आसपास येतं.

सगळ्यात फसवी गोष्ट: मेंदूच्या आणि अंगभर पसरलेल्या प्रकारांत पुष्कळ बाळांच्या अंगावर एकही फोड नसतो. बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, ताप येतो किंवा अंग गार पडतं, झटके येतात, श्वास जोरात चालतो. हे सगळं जिवाणूंच्या जंतुसंसर्गासारखंच दिसतं. म्हणून अँटिबायोटिक सुरू असूनही बाळ सुधारत नसेल, झटके येत असतील किंवा रक्तात एएलटी (यकृताला इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असेल, तर ॲसायक्लोव्हिर जोडायलाच हवं.

फोडांबद्दल. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत लाल चट्टे आणि त्यावर पिवळट टिपके येतात, जागा बदलतात, बाळ मजेत असतं. ते निरुपद्रवी. घामोळं मानेच्या घडीत, काखेत, दवबिंदूसारखं. घडीत किंवा जांघेत पू भरलेले ढिले फोड बहुधा जिवाणूंचे, पण तेही दाखवायचेच. हर्पिसचे फोड लालसर बुडावर, 1 ते 3 मिलिमीटरचे, घोळक्याने, आत पाणी. डोकं आधी बाहेर आलेल्या बाळाच्या टाळूवर किंवा चेहऱ्यावर, पायाळू बाळाच्या ढुंगणावर असे, जो भाग आधी बाहेर आला तिथे बघा. घरी नक्की ओळखायच्या फंदात पडू नये. पाणी भरलेला फोड दिसला की त्याच दिवशी नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात.

नागीण हा वेगळा विषाणू, कांजिण्यांचा. गेरू, शाई, हळद काहीच लावू नका. फोड झाकला गेला की डॉक्टरला दिसत नाही आणि नमुनाही खराब होतो.

प्रसूती_विभाग
लागण कुठून होते ते सांगते, नाहीतर सगळा दोष आत्याच्या माथी जाईल. सुमारे 85 टक्के बाळांना ती बाळंतपणात, प्रसूतिमार्गातून होते. जन्मानंतर घरच्यांकडून साधारण 10 टक्के, पोटात असताना 5 टक्के. आणि ज्या बाळांना आजार झाला त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आईला आपल्याला हर्पिस आहे हे ठाऊकच नसतं. म्हणून “आईला काही त्रास नव्हता” यावरून शंका सोडून देऊ नये, आणि आईकडे बोट तर मुळीच दाखवू नये.

शेवटच्या तीन महिन्यांत आईला पहिल्यांदाच लागण झाली तर धोका सर्वात जास्त, साधारण 25 ते 60 टक्के. तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन बाळापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो. जुनी लागण पुन्हा उफाळली तर धोका 2 टक्क्यांच्या आत. पूर्वीचा आजार माहीत असेल तर 36 व्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर 400 मिलिग्राम दिवसातून तीनदा देतात. कळा सुरू होताना जननेंद्रियावर फोड असतील किंवा तिथे जळजळ, मुंग्या येत असतील तर सिझेरियन, शक्यतो पाणमोट फुटण्याआधी. सिझेरियनने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून बाळावर लक्ष ठेवायचंच.

विषाणू_लॅब
टॉर्च तपासणी (हर्पिससह काही संसर्गांची प्रतिपिंडं शोधणारी रक्त तपासणी) पाठवू नका. बाळातलं आयजीजी (एक प्रकारचं प्रतिपिंड) आईकडून आलेलं असतं आणि आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडावर भरवसा ठेवता येत नाही. पैसे जातात, निदान होत नाही. पीसीआरच (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) हवा: रक्ताचा, पाठीच्या पाण्याचा, फोडाच्या बुडाच्या खरवडीचा आणि पृष्ठभागाच्या स्वॅबचा. एकच स्वॅब आधी डोळ्यांच्या कडा, मग तोंड, मग घसा-नाक आणि शेवटी गुदद्वार या क्रमाने फिरवला तरी चालतो, क्रम उलटा करू नका. काडी लाकडी नको, स्वॅब कॅल्शियम अल्जिनेटचा नको, दोन्हींमुळे पीसीआर बिघडतो. विषाणू वाहक द्रवात घालून 2 ते 8 अंशांत पाठवा. आईला फोड होते पण बाळ ठणठणीत असेल तर स्वॅब जन्मानंतर 24 तासांनी घ्या. आधी घेतला तर आईच्या अंगावरचा विषाणूच सापडू शकतो.

पाठीच्या पाण्याचा पहिला पीसीआर आजार नुकताच सुरू झाला असेल तर निगेटिव्ह येऊ शकतो. बाळाची लक्षणं मेंदूची असतील तर त्या एका रिपोर्टवर औषध थांबवू नये.

एसएनसीयू_सिस्टर
डोस आणि तयारी. पूर्ण दिवसांच्या बाळाला 60 मिलिग्राम दर किलोमागे दर दिवशी, तीन भागांत, दर 8 तासांनी. म्हणजे 3 किलोच्या बाळाला एका वेळी 60 मिलिग्राम. 250 मिलिग्रामच्या कुपीत 10 मिली पाणी घातलं की 1 मिलीत 25 मिलिग्राम होतात, त्यातले 2.4 मिली घ्या आणि सलाइनने एकूण 12 मिली करा. आता प्रत्येक मिलीत 5 मिलिग्राम. 7 च्या वर घट्ट नको. सिरिंज पंपावर पूर्ण एका तासात. झटकन दिलं तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. विरघळवायला बेंझिल अल्कोहोल असलेलं पाणी वापरू नका. तयार औषध फ्रिजमध्येही ठेवू नका, तळाशी खडे बसतात.

औषध फार अल्कधर्मी आहे, शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. दर पंधरा मिनिटांनी सुईची जागा बघायची. बाळाला पाणी पुरेसं जातंय ना, लघवी होते ना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्त तपासणी) वाढत नाही ना, हे सांभाळा. पांढऱ्या पेशींमधले न्यूट्रोफिल आठवड्यातून दोनदा मोजा. खूप अपुऱ्या दिवसांच्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या बाळाचं अंतर डॉक्टर ठरवतील, हे गणित तिथे लावू नका.

गटप्रवर्तक_ताई
खूप उपयोग झाला. अजून विचारायचं आहे. खुद्द आईच्या ओठावर जर फुटला असेल तर अंगावरचं दूध बंद करायचं का? आणि रुग्णालयातून घरी आल्यावर काय बघायचं?

नवजात_कक्ष
दूध बंद करायचं नाही, बाळाला वेगळंही ठेवायचं नाही. आईने मास्क लावावा, बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि फोड पूर्ण सुकून खपली धरेपर्यंत पापा घेऊ नये. फोड स्तनावरच असेल तर त्या बाजूने पाजू नका आणि फोडाला लागलेलं काढलेलं दूध टाकून द्या. दुसऱ्या बाजूने पाजा.

आत्याच्या बाबतीतही तेच, फक्त तिने तेवढे दिवस बाळाला जवळ घेऊच नये. कुर्र दुसऱ्या कुणी करावं किंवा बारसं पुढे न्यावं. मालिशवालीच्या बोटाला नखुरडं किंवा पाण्याचा फोड असेल तर मालिश बंद. टाळू भरताना तीच बोटं थेट डोक्याला लागतात. घुटी किंवा मध चाटवणारं बोट तर बाळाच्या तोंडातच जातं. मध तसाही एक वर्षापर्यंत द्यायचा नाही.

उपचार त्वचेपुरत्या आजारात 14 दिवस, मेंदूच्या आणि अंगभर पसरलेल्या आजारात 21 दिवस, सगळे शिरेतून. मेंदूच्या प्रकारात शेवटी पाठीचं पाणी पुन्हा तपासतात. पीसीआर अजून पॉझिटिव्ह असेल तर आणखी 7 दिवस. डोळ्यात लागण असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांचे थेंब शिरेतल्या औषधाच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

घरी आल्यावर सहा महिने तोंडावाटे ॲसायक्लोव्हिर, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 300 मिलिग्राम, दिवसातून तीनदा. 3.5 किलोच्या बाळाचा पृष्ठभाग साधारण 0.22 चौरस मीटर, म्हणजे एका वेळी 66 मिलिग्राम. बाटलीवर 5 मिलीत किती मिलिग्राम ते वाचून मिली काढा आणि दर महिन्याला वजन करून डोस वाढवून घ्या. बाळ वाढतं आणि डोस तोच राहतो, ही नेहमी होणारी चूक आहे. न्यूट्रोफिलची तपासणी 2 आणि 4 आठवड्यांनी, मग महिन्यातून एकदा. या काळात पुन्हा फोड, झटका किंवा मलूलपणा दिसला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या.

वाटेत बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून ऊबेत ठेवा, ओढत असेल तर पाजत राहा. 108 बोलवा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची ने-आण, तपासण्या आणि औषधं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खर्चाच्या भीतीने कुणी मलमावर थांबत असेल तर आशाताईंनी आधी हेच सांगावं.