"जास्त" दिसलं की बेरीज! शाब्दिक उदाहरणांसाठी मदत हवी आहे
मुलगी तिसरीत आहे. आकडेमोड पक्की, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. काल हे दिलं: "दादाकडे 8 पेन्सिली आहेत. त्या ताईच्या पेन्सिलींपेक्षा 3 ने जास्त आहेत. ताईकडे किती?" तिने 'जास्त'खाली रेघ मारली आणि लगेच 11 लिहिलं. "जास्त म्हणजे बेरीज" असं पाठ करून घेतलंय. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. पेन्सिली समोर मांडल्यावर मात्र 5 बरोबर आलं.

मोठेही असेच चुकतात. "एका शिक्षकामागे 6 विद्यार्थी" याचं समीकरण (वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, शि म्हणजे शिक्षकांची) मीच 6वि = शि लिहिलं होतं; हवं वि = 6शि.

आधी प्रसंग समजून घ्यायची सवय तुम्ही कशी लावली? चित्र काढायला लावता, की आकडे झाकून वाचायला?